पट्टी मरते ती जोडापाशी

विचारणा थोडक्यात अशी आहे. गुडघ्याची हालचाल आणि सोबत ईसीजी टिपणारी, अंगाला चिकटणारी पट्टी करायची आहे. टीपीयूच्या (रबरासारख्या ताणल्या जाणाऱ्या प्लास्टिकच्या) पातळ फिल्मवर ताणली जाणारी चांदीची शाई छापली. शाईच्या माहितीपत्रकात २०० टक्के ताण, म्हणजे मूळ लांबीच्या तिप्पट होईपर्यंत ओढता येणं, लिहिला होता आणि टेबलावर ओढून पाहिल्यावर तेवढा मिळालाही. अंगावर मात्र तिसऱ्या दिवशी सिग्नल गेला. आता शाई सोडून द्रव धातू घ्यावा, चांदीच्या नॅनोवायर (केसाहून कितीतरी बारीक तारा) घ्याव्यात, की वाहक पॉलिमर, म्हणजे वीज वाहणारं प्लास्टिक?

मेलेली पट्टी अजून टाकून दिली नसेल तर साहित्य बदलण्याआधी ती समोर घ्या. ती कुठे तुटली हे तुम्ही लिहिलेलं नाही, आणि माझ्या मते सगळं उत्तर तिथेच आहे. चार टोकांनी विजेचा रोध (रेझिस्टन्स) मोजा: बाहेरच्या दोन टोकांतून ठरावीक प्रवाह सोडायचा आणि आतल्या दोन टोकांमधलं व्होल्टेज वाचायचं, म्हणजे प्रोबच्या स्पर्शाचा रोध हिशोबात येत नाही. रेघेचा एकेक सेंटीमीटर असा तपासत जा. मी अशा पट्ट्या वर्षानुवर्षं उघडून बघत आलोय. रेघेचा मधला भाग बहुतेकदा ठणठणीत असतो, आणि मेलेला असतो तो शेवटचा अर्धा सेंटीमीटर, जिथे मऊ रेघ कडक बटणाला, पिनेला किंवा सर्किट बोर्डाला भेटते.

त्याचं गणित सोपं आहे. समजा पट्टी ६ सेंटीमीटर लांब आहे आणि त्यावर २ सेंटीमीटरचा कडक बोर्ड बसलाय. त्वचा २० टक्के ताणली, म्हणजे पट्टी १.२ सेंटीमीटरने लांबायला हवी. बोर्ड काही लांबत नाही. ते सगळे १.२ सेंटीमीटर उरलेल्या ४ सेंटीमीटरच्या वाट्याला येतात, म्हणजे तिथे सरासरी ३० टक्के. आणि ही फक्त सरासरी झाली. बोर्डाच्या अगदी कडेला ताण एकवटतो आणि सरासरीच्या कितीतरी वर जातो. तिथली शाई कुठल्याही कंपनीची असो, आधी तिथेच तडकते.

आता तीन दिवसांचं. रोज ५,००० पावलं चालणाऱ्या माणसाचा एकेक गुडघा रोज साधारण २,५०० वेळा वाकतो. तीन दिवसांत ७,५०० वेळा. माहितीपत्रकातले २०० टक्के म्हणजे नवीकोरी पट्टी एकदाच, सावकाश, कोरड्या खोलीत ओढलेली. गुडघ्यावरची त्वचा उकिडवं बसताना फार तर ३० ते ५० टक्के ताणली जाते, म्हणजे २०० हा आकडा तुमच्या उपयोगाचाच नाही. ३० टक्क्यांचे १०,००० फेरे आणि घामाची भिजवणी झाल्यावर रोध किती पट झाला, हा आकडा तुम्हाला हवाय. तो छापलेला क्वचितच मिळतो. तो स्वतःच मोजावा लागतो.

जोड तपासून झाल्यावर दुसरा संशयित घाम. घामात मीठ असतं, त्यातल्या क्लोराइडमुळे चांदीवर सिल्व्हर क्लोराइड तयार होतं. इलेक्ट्रोडमध्ये ते हवंहवंसं असतं, वायरीत नको असतं. त्याहून वाईट म्हणजे चांदी चालायला लागते. दोन रेघा जवळजवळ आहेत, त्यांच्यात सतत एकाच दिशेचं ३ व्होल्ट आहे आणि मध्ये ओल आहे, अशा वेळी धन टोकाकडची चांदी विरघळून ऋण टोकावर झाडाच्या फांद्यांसारखी वाढते आणि शेवटी दोन्ही रेघा जोडून टाकते. सूक्ष्मदर्शकाखाली या फांद्या ओळखायला एक मिनिट लागतं. दिसल्या तर रेघांमधलं अंतर वाढवा, सततचं डीसी सोडून मोजण्यापुरता स्पंद द्या, आणि चांदीवर कार्बनच्या शाईचा एक थर छापा.

वरून सिलिकॉनचं रबर ओतलंय, मग ओल आली कुठून, असं विचाराल. सिलिकॉन पाणी अडवतं, पाण्याची वाफ अडवत नाही. वाफ आरपार जाते. तरीही सिलिकॉनचं आवरण काम देतं, कारण ते पृष्ठभागाला घट्ट चिकटलेलं असेल तर त्या वाफेला पाणी होऊन साचायला जागाच मिळत नाही. कुठे हवेचा बुडबुडा राहिला, कुठे धूळ राहिली, की तिथे थेंब साचतो आणि गंज तिथून पसरतो. म्हणून मी आवरणाच्या जाडीपेक्षा त्याच्या चिकटण्याची काळजी जास्त करतो: पृष्ठभाग अल्कोहोलने पुसणं, जमलं तर प्लाझ्मा (विद्युतभारित वायूने पृष्ठभाग साफ करणं), आणि ओतण्याआधी मिश्रणातली हवा निर्वातात काढणं. यात एक गंमत आहे. प्लॅटिनमच्या उत्प्रेरकावर जमणाऱ्या सिलिकॉनला गंधक आणि अमाइन (नायट्रोजनची काही संयुगं) चालत नाहीत. लॅटेक्सचे हातमोजे घालून हाताळलं तर हात लागलेल्या जागी ते जमतच नाही, चिकट राहतं. यात एका उमेदवाराचा आठवडा गेलेला मी पाहिलाय, आणि तो उमेदवार मीच होतो. नायट्राइलचे मोजे घाला.

एवढं झाल्यावर साहित्याकडे येऊ. पट्टीत वाहकाची तीन वेगवेगळी कामं असतात आणि लोक तिन्हींसाठी एकच साहित्य शोधतात. एक, वायर: ताणली तरी तिचा रोध बदलू नये. दोन, ताण मोजणारा सेन्सर: तो बदललाच पाहिजे, आणि दर वेळी सारखाच बदलला पाहिजे. तीन, त्वचेवरचा इलेक्ट्रोड: त्याचा स्वतःचा रोध थोडा जास्त असला तरी चालतो, त्वचेशी त्याचा संपर्क मात्र ढळता कामा नये. वायर म्हणून उत्तम असलेलं साहित्य सेन्सर म्हणून सहसा निकामी असतं.

कुठलाही रबरासारखा वाहक ताणला की लांब होतो आणि बारीक होतो. आकारमान तेच राहिलं आणि पदार्थाची वाहकता बदलली नाही, तर लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात रोध वाढतो. ३० टक्के ताणावर १.६९ पट, १०० टक्क्यांवर ४ पट. हा आकडा डोक्यात ठेवून कुठलाही आलेख बघा. रोध याहून जास्त वाढत असेल तर आत काहीतरी तुटतंय किंवा दूर जातंय. याहून कमी वाढत असेल तर आतली रचना ताणाच्या दिशेने जुळतेय, किंवा वाहक नागमोडी आहे आणि तो खरा ताणलाच जात नाहीये.

चांदीच्या शाईत रबरात चांदीच्या चकत्या मिसळलेल्या असतात. वजनाने ७५ टक्के चांदी ऐकायला खूप वाटते, पण चांदी जड, त्यामुळे आकारमानाने ती जेमतेम पाव भाग असते. उरलेलं सगळं रबर. चकत्या एकमेकींना टेकलेल्या आहेत तोवर प्रवाह वाहतो. ताणल्यावर काही जोड सुटतात, सोडल्यावर बरेचसे परत जुळतात, सगळे नाही. दर फेऱ्याला थोडं देणं शिल्लक राहतं. नॅनोवायर लांब आणि बारीक असल्याने फारच कमी प्रमाणात जाळं तयार करतात, त्यामुळे थर पातळ आणि पारदर्शक ठेवता येतो. पण एवढ्या बारीक तारांना गंधक आणि घाम लवकर खातात. चांदीच्या तारेवर सोन्याचं कवच चढवून यावर उपाय केला गेलाय. प्रयोगशाळेत सुंदर, पहिल्या पट्टीसाठी नको.

द्रव धातूबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण तुमचा कल तिकडे दिसतो. गॅलियम ७५.५ टक्के आणि इंडियम २४.५ टक्के, वजनाने, असं मिश्रण साधारण १५.५ अंश सेल्सिअसला वितळतं. त्वचेचं तापमान ३२-३३ अंश असतं, म्हणजे अंगावर ते कायम द्रवच. नुसतं गॅलियम २९.८ अंशांना वितळतं, त्यामुळे गार हवेत ते गोठेल. पाऱ्यासारखी वाफ होत नाही, हा मोठा फायदा. वाहकता तांब्याच्या साधारण सतराव्या हिश्श्याची, पण रबरातल्या कुठल्याही मिश्रणाशी तुलना केली तर भरपूर. १०० मायक्रॉन बाय १०० मायक्रॉनची, १० सेंटीमीटर लांबीची नळी भरली तर रोध ३ ओहमच्या आसपास येतो. ५० टक्के ताणली तर ६.६. आणि द्रवात तुटण्यासारखं काही नसल्याने सोडल्यावर रोध जागेवर येतो. आलेख वरच्या वर्गाच्या नियमाच्या फार जवळ असतो, म्हणून सेन्सर म्हणूनही त्याचं गणित आधीच मांडता येतं.

हवेत त्यावर लगेच काही नॅनोमीटर जाडीची ऑक्साइडची साय धरते. त्या सायीमुळेच धातू छापलेल्या आकारात उभा राहतो, नाहीतर मण्यासारखा गोळा झाला असता. तीच साय नळीच्या भिंतींना आणि तुमच्या बोटांना चिकटून सगळं राखाडी करते.

पण तुमचा प्रश्न द्रव धातूने सुटत नाही, तो जोडापाशी आणखी बिकट होतो. गॅलियम बऱ्याच धातूंना खातं. सोन्याचा पातळ थर त्यात विरघळून जातो, तांब्याशी ते हळूहळू संयुग करतं. ॲल्युमिनियमच्या कणांच्या सीमांमध्ये शिरून ते त्याला ठिसूळ करतं. आमच्या ताण-चाचणी यंत्राच्या ॲल्युमिनियमच्या पकडीवर एकदा असा थेंब सांडला. पुसला, विसरलो. काही दिवसांनी पकडीचा कोपरा हातात आला, बिस्किटासारखा. गॅलियम विमानाने पाठवताना धोकादायक मालात धरतात, ते याच कारणाने. शिवाय ३ ओहमचा सेन्सर दोन वायरींनी मोजला तर जोडाच्या रोधातला चढउतार सेन्सरच्या चढउतारात मिसळतो. मोजायचंच असेल तर चार वायरी घ्या, किंवा नळी आणखी बारीक आणि नागमोडी करून मूळ रोध वाढवा.

कार्बन मिसळलेलं सिलिकॉन सर्वात सोपं आणि सर्वात फसवं. ताण मोजायला म्हणून सगळे तिथून सुरुवात करतात, कारण रोध चांगला घसघशीत बदलतो. पण तो फक्त ताणावर बदलत नाही. किती वेगाने ताणलं, किती वेळ ताणून ठेवलं, याआधी काय केलं होतं, या सगळ्यांवर बदलतो. ताणून धरून ठेवा, रोध मिनिटामिनिटाला खाली सरकत राहतो. सोडा, तर उतरण्याऐवजी काही वेळा क्षणभर वर जाऊन मग उतरतो. एका वाकण्याला आलेखात दोन शिखरं येतात, आणि पावलं मोजणारा प्रोग्रॅम दुप्पट पावलं दाखवतो. शिवाय कार्बनसारखं भरण घातलेलं रबर पहिल्या काही ताणांमध्ये कायमचं थोडं मऊ पडतं, म्हणून नव्या पट्टीचे पहिले आकडे कधीच खरे धरायचे नाहीत. वापराच्या कमाल ताणापेक्षा थोडं जास्त, ५० ते १०० वेळा ओढून मग मोजायला बसा. हालचाल झाली की नाही एवढंच हवं असेल तर कार्बन ठीक. गुडघ्याचा कोन अंशांत हवा असेल तर नको.

कोन हवा असेल तर मी कपॅसिटन्सकडे, म्हणजे विद्युतभार साठवण्याच्या क्षमतेकडे वळेन. दोन मऊ वाहक थर आणि मध्ये सिलिकॉन. ताणलं की क्षेत्रफळ वाढतं, मधली जाडी कमी होते, आणि कपॅसिटन्स लांबीच्या सरळ प्रमाणात वाढतो. संवेदनशीलता जास्तीत जास्त १ च्या आसपास, म्हणजे ३० टक्के ताणाला ३० टक्के बदल. संशोधन लेखांत सेन्सरच्या संवेदनशीलतेचे आकडे शेकड्यांत आणि हजारांत असतात, त्यांच्यापुढे हे केविलवाणं दिसतं. ते मोठे आकडे मुद्दाम तडा पाडलेल्या धातूच्या थरातून येतात. २०१४ मध्ये कोळ्याच्या पायातल्या फटींवरून सुचलेला प्लॅटिनमचा असा सेन्सर प्रसिद्ध झाला, त्याची संवेदनशीलता २,००० च्या वर होती, पण ताणाची मर्यादा २ टक्के. नाडीचा ठोका किंवा आवाजाचं कंपन टिपायला हे अफाट आहे, गुडघ्याला त्याचा उपयोग नाही. कपॅसिटन्समध्ये थरांचा रोध दुप्पट-तिप्पट झाला तरी उत्तर फारसं हलत नाही, आणि माझ्या दृष्टीने हा गुण हजाराच्या आकड्यापेक्षा मोलाचा आहे. फक्त शरीर जवळ आलं की कपॅसिटन्स बदलतो, म्हणून बाहेरच्या दोन्ही बाजूंना सर्किटच्या ग्राउंडला (शून्य व्होल्टला) जोडलेला मऊ वाहक थर द्या.

ईसीजीचा इलेक्ट्रोड हे वेगळंच प्रकरण. इथे धातूतल्या इलेक्ट्रॉनांनी शरीरातल्या आयनांशी बोलायचं असतं, आणि मध्ये १० ते २० मायक्रॉनचा मृत पेशींचा कोरडा थर भिंतीसारखा उभा असतो. जेल लावलेला सिल्व्हर-सिल्व्हर क्लोराइड इलेक्ट्रोड अजून हटलेला नाही याचं कारण जेल त्या थराला भिजवतं. वापरून फेकायच्या इलेक्ट्रोडांच्या अमेरिकी मानकात १० हर्ट्झला जोडीची सरासरी इम्पीडन्स (उलटसुलट वाहणाऱ्या प्रवाहाला होणारा रोध) २ किलो-ओहमच्या आत असावी लागते, पण ती दोन इलेक्ट्रोडांची जेल जेलला लावून मोजलेली असते. त्वचेवर तोच आकडा कितीतरी पट होतो, म्हणून माहितीपत्रकावर जाऊ नका. ईसीजीचा सिग्नल सुमारे १ मिलिव्होल्ट, आणि त्वचा नुसती ताणली गेली तरी तिचा स्वतःचा विभव (व्होल्टेज) काही मिलिव्होल्टने हलू शकतो. त्यामुळे गुडघ्याच्या पट्टीवरच ईसीजी घ्यायचा हट्ट सोडा. छातीवर वेगळा तुकडा लावा.

जेल वाळतं, आणि वाळलेलं जेल म्हणजे प्लास्टिक. ग्लिसरॉल किंवा लिथियम क्लोराइड घातल्याने वाळणं लांबतं. त्वचेसाठी मी ग्लिसरॉलच निवडेन. बरेच दिवस टिकणारा कोरडा इलेक्ट्रोड हवा असेल तर पीडॉट-पीएसएस हे वाहक पॉलिमर चांगलं. ते इलेक्ट्रॉन आणि आयन दोन्ही वाहतं. नुसता थर काही टक्क्यांतच तडकतो, पण २०१७ मध्ये आयनिक द्रवासारखी मिश्रणं घालून तो १०० टक्के ताणावरही उत्तम वाहकता देतो असं दाखवलं गेलं. मूळ द्रावण मात्र चांगलंच आम्ल असतं. थर धुवून, आम्ल काढून मगच अंगावर लावा. आणि धुताना तो सुटून येऊ नये म्हणून आधी क्रॉसलिंक करा, म्हणजे त्याचे रेणू एकमेकांना बांधून टाका.

मऊपणाबद्दल एक गैरसमज. मऊ वाटण्यात पदार्थापेक्षा जाडीचा हात मोठा असतो. वाकण्याचा ताठरपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात असतो: जाडी निम्मी केली की आठवा हिस्सा, दहावा भाग केली की हजारावा. २०११ मध्ये जॉन रॉजर्स यांच्या गटाने त्वचेवर गोंदणासारखी बसणारी इलेक्ट्रॉनिक्स दाखवली, ती कुठल्या जादुई वाहकावर नव्हती. नेहमीचेच धातू आणि चिपमधलं सिलिकॉन (वरचं रबर नव्हे), पण अतिशय पातळ आणि नागमोडी. २०१३ मध्ये ताकाओ सोमेया यांच्या टोकियोतल्या गटाने १.२ मायक्रॉनच्या फिल्मवर सर्किट केलं, वजन चौरस मीटरला ३ ग्रॅम. ती फिल्म मूळची कडक प्लास्टिकची आहे. ती कागदासारखी चुरगळते, पण ताणली जात नाही. ताणण्यासाठी ती आधी ओढून धरलेल्या रबरावर चिकटवून सुरकुत्या पाडाव्या लागल्या. वाकणं आणि ताणणं या दोन वेगळ्या मागण्या आहेत, आणि शरीराच्या बऱ्याचशा जागांना फक्त पहिलीच पुरते.

त्वचेला श्वास घेऊ द्या. न घामेजलेल्या त्वचेतूनही तासाला चौरस मीटरमागे ५ ते १० ग्रॅम पाणी बाहेर पडत असतं. जाड पट्टीखाली ते कोंडलं की दोन दिवसांत त्वचा पांढरी आणि मऊ पडते, खाज सुटते, पट्टी सुटते. तुमच्या तिसऱ्या दिवसात याचाही वाटा असू शकतो. भोकं पाडा, किंवा जाळीदार बैठक घ्या. आणि चिकट थराची चौकशी करा: दीर्घकाळ चिकटवलेल्या ग्लुकोज सेन्सरांमध्ये आयसोबॉर्निल ॲक्रिलेट या रसायनाची ॲलर्जी बऱ्याच जणांना आढळली होती. निकेल अंगाजवळ नकोच. दुसऱ्या कुणाच्या अंगावर लावण्याआधी आयएसओ १०९९३ या, अंगाला लागणाऱ्या वैद्यकीय उपकरणांच्या सुरक्षिततेच्या मानक मालिकेतल्या पेशींवरच्या, ॲलर्जीच्या आणि जळजळीच्या चाचण्या कुणाकडून तरी करून घ्या.

मग मी काय करेन? वायर नागमोडी तांब्याची ठेवेन, पॉलिइमाइडवर (उष्णता सोसणाऱ्या प्लास्टिकच्या फिल्मवर), दोन्ही बाजूंनी सिलिकॉनमध्ये. कंटाळवाणं साहित्य, पण ३० टक्के ताणाला रोध जवळपास हलत नाही आणि बटण किंवा बोर्ड तांब्याला सरळ डाग देऊन जोडता येतो. सेन्सर कपॅसिटन्सचा. बोर्ड गुडघ्याच्या वाटीवर न ठेवता मांडीवर, जिथे त्वचा कमी ताणली जाते. त्वचेवर काही रेषा अशा असतात की सांधा हलला तरी त्यांची लांबी जवळपास बदलत नाही. अमेरिकी शास्त्रज्ञ आर्थर इबेरॉल यांनी दाबयुक्त पोशाखांसाठी अशा रेषा शोधल्या होत्या. घरी काढायच्या तर पाय सरळ असताना पेनाने छोटी वर्तुळं काढा, गुडघा वाकवा, फोटो घ्या. वर्तुळांचे लंबगोल होतील. ज्या दिशेला लंबगोलाचा व्यास मूळ वर्तुळाएवढाच राहिलाय, त्या दिशेने वायर न्या.

बोर्डाच्या कडेला एकदम पायरी ठेवू नका. कडक बोर्ड, त्याच्याभोवती ४-५ मिलिमीटरची मध्यम कडक सिलिकॉनची किनार, मग मऊ सिलिकॉन. वायर या किनारीखालून सरळ बाहेर काढा, आणि नागमोड किनार संपण्याच्या आधीच सुरू करा, ती संपल्यावर नाही. धातूचं दाबबटण लावणार असाल तर त्याच्या खालीही टीपीयूचा गोल तुकडा हवा, बटणाच्या दुप्पट व्यासाचा.